चष्मा डिस्चार्जला मिळेल

बाईंचा चष्मा काढून घेतला होता तो त्यांच्याच भल्यासाठी. माणसाकडून जे जे म्हणून काढून घेतलं जातं ते बहुतेक त्याच्याच भल्यासाठी असतं, तेव्हा बाईंना त्याचं फारसं नवल वाटलं नाही. अडचण एवढीच की नंबर दांडगा होता. चष्मा नसला की आपल्या हाताला पाच बोटं आहेत हेही बाईंना आठवणीवर विसंबूनच मानावं लागे.

वॉर्डचा नियमच तसा होता. जो पेशंट 'स्वतःला काहीतरी करून घेऊन' आला असेल, त्याच्याजवळ धोक्याची वस्तू ठेवायची नाही. काच ही धोक्याची वस्तू. चष्म्याला काच असते. म्हणून चष्मा पाकिटात, पाकीट कपाटात आणि कपाटाची किल्ली हेडसिस्टरच्या कमरेला. नियम करणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. काचेच्या मागे डोळे असतात, एवढंच तो घाईत विसरला असावा.

घरी बाईंना बेबी म्हणत. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी बेबीच. कामावर त्या कवळीबाई, कारण दातांच्या लॅबमध्ये त्या कवळ्या घडवत. लोकांच्या तोंडाच्या मापावरून मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, चकाकवायचा. आणि इथे दवाखान्यात त्या 'ती केस' होत्या. 'ती केस जेवली का?' 'त्या केसचं बीपी घेतलं का?' काउंटरच्या अगदी समोरची कॉट त्यांना मुद्दाम दिलेली, सगळ्यांची नजर राहावी म्हणून. नजर राहत होती. माणसं मात्र कॉटपर्यंत येऊन उभ्याउभ्याच परत जात होती.

डोळ्यांनी काम सोडलं तेव्हा बाईंनी कानांना जुंपलं. पांढरा ठिपका म्हणजे डॉक्टर, निळसर ठिपका म्हणजे सिस्टर, आणि बाकी सगळं बोलण्यावरून ओळखायचं. मोठे डॉक्टर तर दारातच ओळखू यायचे. वरची कवळी सैल होती त्यांची. प्रत्येक वाक्याच्या शेवटी टक्क असा आवाज यायचा.

"काय मग?" मोठे डॉक्टर पहिल्या सकाळी म्हणाले होते. मागे शिकाऊ डॉक्टरांची शेपटी. "हातात कला आहे, घरची माणसं सोन्यासारखी आहेत. असं का करायचं? टक्क."

का, ते सांगायला बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात डॉक्टर शेपटीकडे वळून काहीतरी समजावू लागले. मग परत वळले.

"आता पुन्हा नाही ना करणार?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"गुड. टक्क."

दुसरं काय म्हणणार? 'जेवूनच आलात ना?' असं विचारणाऱ्याच्या घरी ताट मांडलेलं नसतं, हे पाहुण्याला कळतंच. बाईंनाही कळलं. आणि ताफा पुढच्या कॉटकडे गेला.

खरं सांगायचं तर बाईंना भीती वाटत होती. डॉक्टरांची नव्हे, सिस्टरची नव्हे, मरणाचीही आता नव्हे. घरी गेल्यावर आईच्या खोलीवरून जावं लागेल आणि तेव्हा आपल्या मनात पुन्हा तेच येईल, याची. आलं तर आपण काय करू हे त्यांना स्वतःला सांगता येत नव्हतं. हे कुणाला तरी सांगायचं होतं. पण असली गोष्ट उभ्या माणसाला सांगता येत नाही. ऐकणारा बसलेला लागतो. आणि या दवाखान्यात सगळेच उभे होते.

हेडसिस्टर इंजेक्शन द्यायला आली की बरोबर बोधामृतही द्यायची. "इथे लोक एकेका श्वासासाठी तडफडतायत मावशी. आणि तुम्ही धडधाकट असून... जरा हात सैल सोडा."

"सिस्टर, माझा चष्मा—"

"मिळेल. डिस्चार्जला मिळेल."

"मला काही दिसत नाही हो."

"इथे काय बघायचंय?" हेडसिस्टर म्हणाली. त्यात तथ्य असावं. चष्मा असलेल्यांनाही इथे फारसं काही दिसत नव्हतं.

घरच्यांनी बाहेर सांगायला 'अन्नातून विषबाधा' असं ठरवलं होतं. म्हणजे ठरवलं दादाने, घाईघाईत, बायकोला न विचारता. त्याची शिक्षा त्याला लगेच मिळाली. समोरच्या घरातल्या काकू सफरचंदं घेऊन आल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय खाल्लं होतं?"

"घरचंच," दादा पुटपुटला. तो इथे आल्यापासून पुटपुटतच होता.

"घरचंच?" काकू वहिनीकडे वळल्या. वळल्या ते बाईंना दिसलं नाही, मधल्या शांततेवरून कळलं.

"बाहेरचं हो!" वहिनी म्हणाली. "वन्सं कामावरून येताना काहीतरी खाऊन आल्या. मी किती वेळा सांगते, बाहेरचं नको."

"पण हे तर आत्ता म्हणाले—"

"यांना काय कळतंय? ताटात काय वाढलंय ते जेवून उठल्यावरही कळत नाही यांना."

थोड्याच वेळात लॅबमधले लोक आले तेव्हा विषबाधेचं बीपी झालेलं होतं. वहिनीने आपल्या स्वयंपाकघराची अब्रू वाचवली होती. पण लॅबवाले आणि काकू लिफ्टपाशी एकमेकांना भेटले आणि दोन्ही आजार ताडून बघितले गेले. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. काकू पुन्हा वर आल्या त्या पर्स विसरल्याचं निमित्त करून, आणि या खेपेला त्यांचा आवाज मखमलीसारखा मऊ होता. बाईंना तो सफरचंदांपेक्षाही गिळायला जड गेला.

वहिनी वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. ती तासन् तास बाईंचे पाय चेपत बसायची. एक क्षण एकटं सोडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते तिने असं मनावर घेतलं की ती न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहूनही बोलत असायची. दूधवाला काय म्हणाला, नळ कसा गळतोय, कुणाच्या सुनेनं केस कापले. विषय कुठलाही चालेल, फक्त 'तो' नको. सगळं घर आपल्याभोवती कडं करून उभं आहे आणि आपल्याला बोलायला कुणी नाही, असा हा थाट होता.

मग धाकटे डॉक्टर आले. मनाच्या विभागातून आले होते, म्हणजे आता मनाचं बघणार. त्यांच्या हातात प्रश्नांचा कागद होता आणि प्रत्येक उत्तराला गुण होते. गुणांची बेरीज करून पेशंटला धोका किती हे ठरायचं. माणसाचा जीव गणितासारखा सुटला तर कुणाला नको आहे? तरुण होते, आवाज प्रेमळ होता, आणि दिवसभर त्यांना खाली-वर पळवत असावेत, कारण प्रश्न विचारताना धाप लागत होती.

"घरी कोण कोण असतं, काकू?"

"भरलं घर आहे आमचं," वहिनीने उत्तर दिलं. "एकटं वाटायला वेळच नाही."

एकटेपणाचे गुण शून्य.

"झोप लागते?"

"ढाराढूर झोपतात," वहिनी म्हणाली. वहिनीची खोली वरच्या मजल्यावर होती. बाई किती महिने पहाटेपर्यंत छताकडे बघत पडत होत्या हे तिला तिथून कसं दिसणार?

"निराश वाटतं का?"

"छे," दादा पुटपुटला. "आमच्याकडे सगळ्यात खंबीर हीच."

अशी परीक्षा चालली होती. पेपर बाईंचा, उत्तरं घरच्यांची. तशी पासही झाली असती बेबी, पण शेवटचा भाग डॉक्टरांनी आपल्या निरीक्षणावरून भरायचा होता. त्यांनी एक माहितीपत्रक पुढे केलं. बाईंनी ते वाचायला नाकाशी नेलं, अगदी नाक टेकेपर्यंत, आणि तरीही अक्षरं मुंग्यांसारखी पळतच राहिली. डॉक्टरांनी लिहिलं: कागद हुंगते. बाईंनी त्यांच्याकडे बघायचा प्रयत्न केला आणि दोन पांढऱ्या ठिपक्यांपैकी चुकीचा निवडला. डॉक्टरांनी लिहिलं: नजर मिळवत नाही.

"डॉक्टर, माझा चष्मा मिळाला तर—"

"मिळेल हं काकू."

"नाही, पण चष्म्याशिवाय—"

डॉक्टरांनी लिहिलं: एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलते.

जे व्हायचं ते दुपारी झालं. वॉर्ड जेवून सुस्तावला होता, वहिनी डबा धुवायला गेली होती आणि दादा खुर्चीतच डुलक्या घेत होता. बाईंना कॉटच्या पायथ्याशी एक पांढरा ठिपका दिसला. उंच, स्थिर. आणि मुख्य म्हणजे तो ठिपका निघून जाईना. बाईंना भरून आलं. शेवटी आलं कुणीतरी, घाई नसलेलं.

"डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "मी तुम्हाला नाही म्हणाले, पण ते खरं नाही. मला घरी जायची भीती वाटते. तिथे गेल्यावर मला पुन्हा तसंच वाटेल. आई गेल्यापासून मी आहे की नाही, हेच मला कळेनासं झालंय."

ठिपका शांतपणे ऐकत होता. आजवर कुणी इतकं छान ऐकलं नव्हतं. बाई बोलत राहिल्या. हात धुवायला जाताना धाकट्या डॉक्टरांनी आपला कोट खुंटीला अडकवला होता, तोच हा.

हेडसिस्टरने काउंटरवरून हे बघितलं आणि धावत जाऊन सांगितलं. मग धाकट्या डॉक्टरांनी लिहिलं: कोटाशी बोलते. काय बोलते हे त्यांनी विचारलं नाही, सिस्टरनेही सांगितलं नाही. कुणाशी बोलली, याचाच सगळ्यांना धक्का बसला होता.

कमी धोक्याची बाई एका दुपारीत जास्त धोक्याची झाली. मोठे डॉक्टर आले, टक्क टक्क करत दादाला बाजूला घेऊन गेले. बाजूला म्हणजे पडद्याच्या पलीकडे. पडदा कापडाचा असतो आणि पेशंटला कान असतात, हेही नियमावलीत नसावं.

"मला वाटतं भास होतायत. इथे ठेवता येणार नाही. बंद वॉर्ड असलेल्या हॉस्पिटलला हलवू. गोळ्याही उद्यापासून चालू करू. तुमची सही लागेल."

"आमच्या घराण्यात वेड नाही हो," वहिनी म्हणाली.

"करतो सही," दादा पुटपुटला. "तिला बरं वाटणार असेल तर कुठेही करतो."

बाई पडून ऐकत होत्या. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की मला भास होत नाहीत, मला दिसत नाही. पण ओरडलं असतं तर धाकट्या डॉक्टरांनी तेही लिहिलं असतं. जीव नकोसा झाला होता तेव्हासुद्धा त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं.

हलवण्यापूर्वी एक शेवटची भेट कागदोपत्री आवश्यक होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मनाच्या विभागातली नर्स आली. आली ती शिंकतच.

"माफ करा. सर्दीने हैराण झालेय," घोगरा आवाज म्हणाला. पडदा सरकल्याचा आवाज आला. मग आणखी एक आवाज आला, फरशीवर लोखंड घासल्याचा, आणि बाईंनी कान टवकारले. खुर्ची. कुणीतरी खुर्ची ओढून घेत होतं.

"आम्हाला यांना एकटं सोडू नका असं सांगितलंय," वहिनी म्हणाली.

"एकट्या कुठे? मी आहे ना. तुम्ही दोघं खाली जाऊन चहा घ्या."

"चहाला काय, पाच मिनिटांत येतो."

"सावकाश घ्या. गरम असतो इथला." घोगऱ्या आवाजाने त्यांना पडद्याबाहेर घालवलं, आणि खुर्ची करकरली. बसली होती ती. चक्क बसली होती. "काय म्हणू मी तुम्हाला?"

हा प्रश्न बाईंना या दवाखान्यात पहिल्यांदाच कुणी विचारला होता. "घरी बेबी म्हणतात. कामावर कवळीबाई."

"मग मी ताई म्हणते. ताई, मी तुम्हाला बरंच काही विचारणार आहे. त्याआधी तुम्हाला काही हवंय का?"

"चष्मा," बाई म्हणाल्या. म्हणाल्या आणि मनातल्या मनात 'डिस्चार्जला मिळेल' म्हणूनही टाकलं.

खुर्ची पुढे सरकली.

"तुम्हाला चष्मा आहे? नंबर किती?"

"प्लस नऊ. दोन्हींचा."

"अरे देवा. म्हणजे आत्ता तुम्हाला मी..."

"तुम्ही निळसर आहात," बाई म्हणाल्या. "आणि तुम्हाला सर्दी झालीय. एवढंच मला माहितीये."

नर्स उठली. काउंटरपाशी जे झालं ते सगळ्या वॉर्डने ऐकलं. "नियम आहे," हेडसिस्टर म्हणत होती. "काच द्यायची नाही. उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार?" "मी देईन. माणूस बघून नियम लावायचा असतो, सिस्टर. आधी पाकीट तर उघडा." किल्ल्यांची खळखळ, कागद फाटल्याचा आवाज, आणि मग टिक टिक अशी नखाची टिचकी. "ही काच कुठेय? प्लास्टिक आहे हे."

पाकीट आजवर कुणी उघडलंच नव्हतं. चष्मा काढला तो कुणीतरी घाईत, बाई शुद्धीवर नसताना, आणि त्यानंतर सगळ्यांनी काळजी घेतली ती पाकिटाची. वॉर्डमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. हेडसिस्टर हसली नाही, पण त्या दिवसापुरतं बोधामृत बंद झालं.

नर्सने चष्मा आपल्या ओढणीने पुसून दिला. बाईंनी डोळ्यांवर चढवला आणि जग कडाकोपऱ्यांसह परत आलं. भिंतीला पोपडे होते. खुंटीवर कोट नव्हता. समोर चाळिशीची एक बाई बसली होती, नाक लालभडक, केस विस्कटलेले, पुढचा एक दात किंचित तिरका. इतका गोड तिरका दात बाईंनी आयुष्यात घडवला नव्हता. आणि ती बाई त्यांच्याकडे बघत होती. बाईंना रडू आलं. नर्सने रडू दिलं, मध्येच नाक शिंकरलं, आणि रुमालांचा डबा दोघींच्या मध्ये ठेवला.

"त्या दिवशी काय झालं होतं, ताई? तुम्हाला वाटेल तिथून सांगा."

मग बाईंनी सांगितलं. आई किती वर्षं अंथरुणाला खिळून होती, आणि घरात सगळे असूनही तिला लागायची ती बेबीच. लॅबमधून धावत घरी यायचं, आईला पुसायचं, भरवायचं, ती शिव्या द्यायची त्या ऐकायच्या. शिव्या फार सुंदर द्यायची आई. मग ती गेली. आणि जो भेटायला येई तो म्हणे, 'सुटली बिचारी. आणि बेबी, तूही मोकळी झालीस हो.' जणू बढती मिळाली होती. महिना उलटायच्या आत आईच्या खोलीत ट्रेडमिल आली, दादाला साखर निघाली म्हणून. दादा त्यावर दोनदा चालला. तेव्हापासून वहिनी तिच्यावर कपडे वाळत घालते.

"त्या दिवशी मी कामावरून आले आणि सवयीने त्या खोलीत गेले. 'आई, आले गं' म्हणाले. आणि समोर दादाचे पायजमे." बाई हसायला गेल्या, ते जमलं नाही. "मला कुणी हाक मारत नाही आता. माझ्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात, पण हाक कुणी मारत नाही. मला वाटलं, मी नसले तर या घरात फक्त एक ताट कमी लागेल."

नर्स 'असं नसतं हो' म्हणाली नाही. 'तुमच्यापेक्षा वाईट परिस्थिती असलेले लोक बघा' असंही म्हणाली नाही. तिने सरळ विचारलं, "पुन्हा तसं करावंसं वाटतंय का?"

नाही ना करणार, असं नव्हे. करावंसं वाटतंय का. या प्रश्नाच्या पोटात उत्तर आधीच भरलेलं नव्हतं.

"हो," बाई म्हणाल्या. "आत्ता नाही. पण त्या खोलीवरून गेले की वाटेल. हे मी काल सांगितलं होतं."

"कुणाला?"

"कोटाला."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग नर्सला हसू आवरेना. हसता हसता ती शिंकली, आणि बाईही हसल्या. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. आई गेल्यानंतर.

"खरं सांगितलंत ते फार बरं केलंत," नर्स डोळे पुसत म्हणाली. "मग आपण त्या खोलीपासूनच सुरुवात करू. बंद वॉर्डचं मी डॉक्टरांशी बोलते, ते तुम्हाला लागणारच नाही बहुधा. आणखी थोडे दिवस इथे राहा. घरी गेल्यावर दर आठवड्याला मी येईन, किंवा तुम्ही या. मनात आलं की कुणाला फोन करायचा, घरात काय कुणाच्या ताब्यात ठेवायचं, ते आज तुमच्या समोर ठरवू. तुमच्या पाठीमागे नाही. भावाला बोलावू का? तुम्हाला चालेल?"

दादा आला. पडद्याच्या फटीतून अंग चोरत आला, आणि बाईंनी त्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाहिलं. शर्टाची बटणं एक घर चुकलेली. गाल आत गेलेले. तोंड बसलेलं.

"दादा," बाई म्हणाल्या, "तुझी कवळी कुठेय?"

"घरी. वाटीत." तो पुटपुटला. "त्या दिवशी तशीच टाकून धावलो ना."

"आणि खातोस काय मग?"

"चहा. बिस्कीट बुडवून."

"घरी जाऊन आणायची ना!"

"तुला सोडून कसा जाऊ?"

कवळी बाईंनीच घडवलेली होती. मोठ्या डॉक्टरांच्या सैल कवळीची टक्क टक्क त्यांना दारातून ऐकू येत होती, आणि सख्खा भाऊ बिनदाताचा बोलतोय हे कळलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, लाजेने पुटपुटतो. बहिणीनं तोंडाला काळं फासलं म्हणून. आपलेच दात आणि आपलेच ओठ. न बघण्याचं कंत्राट काही एकट्या दवाखान्याने घेतलेलं नव्हतं.

"दादा, मला मोकळं व्हायचं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"तू कधी विचारू दिलंस? 'बरी आहे' म्हणायचीस आणि भांडी घासायला बसायचीस."

दोन्ही खरं होतं. नर्सने मध्ये तोंड घातलं नाही. दादाचा खालचा ओठ थरथरू लागला, आणि दात नसलेल्या माणसाचं रडणं दिसायला फार विनोदी असतं. बाईंना ते असह्य झालं.

"आजच्या आज भंगारात टाकतो ती ट्रेडमिल," तो म्हणाला.

"मग कपडे कुठे वाळत घालायचे?" पडद्याबाहेरून वहिनीचा आवाज आला. ती बिचारी मनापासून विचारत होती.

"कपडे गच्चीवर," बाई म्हणाल्या. "आणि दादा, मला काही समजावू नकोस. मी घरी आले की त्या खोलीत माझ्याबरोबर बस. नुसता बस. येताना हाक मार, म्हणजे झालं."

दुसऱ्या सकाळी टक्क टक्क करत ताफा आला. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, चष्म्यातून एकेकाला न्याहाळत. मोठे डॉक्टर जागच्या जागी थबकले.

"वा! नजर बघा! काल शून्यात बघत होती." त्यांनी शेपटीला समजावलं, "योग्य औषध पडलं की असा फरक पडतो. टक्क."

"सर, गोळी अजून सुरू केलेली नाही," हेडसिस्टर म्हणाली.

"सर, चष्मा दिला," धाकटे डॉक्टर खाली बघत म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. हे बाईंना आता दिसत होतं.

"तोही पूरक उपचार आहेच," मोठे डॉक्टर म्हणाले आणि बाईंकडे वळले. "काय मग? आता पुन्हा नाही ना करणार?"

सगळा ताफा 'नाही'साठी पेनं उघडून उभा होता. एक अक्षर जास्त नको, एक कमी नको. बाईंनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, अगदी बरोबर डोळ्यांत.

"आज नाही," त्या म्हणाल्या. "उद्याचं उद्या विचारा, डॉक्टर. पण बसून विचारा."

टक्क झालं नाही. मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, काहीतरी चांगलं बोलले आणि पुढच्या कॉटकडे निघाले. शेपटीही गेली. धाकटे डॉक्टर तेवढे मागे राहिले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. खुर्चीवर वहिनीची पिशवी आणि ओला टॉवेल होता. तो त्यांनी उचलून खाली ठेवला, खुर्ची कॉटजवळ ओढली आणि बसले.